वाचून दाखवलेला अर्ज

मी बासष्टाव्या वर्षी अक्षरं शिकलो. त्याआधी मेंढ्या वळल्या, आणि कुठं सही लागली की अंगठा पुढं केला. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा म्हाताऱ्यांना शिकवायला शाळेतलीच पोरं दिली. माझ्या वाट्याला कडुबाची मेघा आली. तेव्हा ती सहावीत होती. मेंढ्या बसल्या की ती माझ्याच काठीनं मातीत अक्षर काढायची आणि म्हणायची, "आबा, पुसा अन् परत काढा." चुकलं असं ती कधी म्हणाली नाही. पहिला शब्द शिकवला तो माझं नाव. मल्हारी.

लिहिता-वाचता आलं, नात अक्षदा शाळेत होतीच, म्हणून गावानं मला शाळा समितीचा अध्यक्ष केलं. हेडसरांच्या शेजारी गादीची खुर्ची मिळाली. ती मला आवडायची. हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव पिशोरपासून आत, आणि सरकारी शाळा दहावीपर्यंत. मागच्या साली बावीस पोरं बसली, अकरा पास झाली. त्यावरून शहरातल्या बैठकीत हेडसरांना सगळ्यांसमोर उभं केलं म्हणे. यंदा मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि चार नावांची यादी पुढं ठेवली.

"आबा, ही नववीतली कच्ची पोरं. यांचे दाखले काढू. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देतील. नापास झाली तरी आपल्या निकालात धरत नाहीत."

"अन् पोरांचं?"

"निकाल असाच लागला आणि दहावीचा वर्ग बंद पडला, तर अक्षदाचं काय? रोज पिशोरला धाडणार का?"

मी यादी बोट लावून वाचली. चौथं नाव मेघाचं होतं. तिचं गणित कच्चं होतं. ही नको, असं म्हणायचं होतं. चहा आला, मी तो प्यालो.

"तिघांच्या बापांच्या सह्या झाल्या," सर म्हणाले. "कडुबा मला देणार नाही. तुम्हाला देईल."

कडुबाला फक्त सही करता येते. मी गेलो तेव्हा तो दारात दोरी वळत होता. मेघा सुट्टीत देवगाव रंगारीला मामाकडं गेली होती. ती नाही हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. सत्यभामानं चहा टाकला.

"कशाचा कागद हाय, आबा?" कडुबानं विचारलं.

"दहावीचा."

"मेघा परवा येती. ती वाचल," सत्यभामा आतून म्हणाली.

कडुबा हसला. "आगं, तिचाच चेला बसलाय हितं! वाचा आबा, बघू आमच्या मास्तरणीनं काय शिकवलंय."

कागदावर लिहिलं होतं: माझ्या मुलीला या शाळेत पुढे शिकवायचे नाही, तरी तिचा दाखला द्यावा. मी कागद डोळ्यांसमोर धरला, ओळीखालून बोट फिरवलं आणि वाचलं, "माझी मुलगी दहावीच्या परीक्षेला बसणार आहे, तरी तिचा फॉर्म भरून घ्यावा."

"वा!" कडुबा म्हणाला. "अडखळले बी नाय."

त्यानं सही केली.

मी अंगठेबहाद्दर होतो तेव्हा गावातल्या एका शिकलेल्या माणसानं मला असाच एक कागद वाचून दाखवला होता. चराई खुली झाली म्हणाला. बंदी असलेल्या रानात मी मेंढ्या घातल्या, आणि दोन दिवस त्या कोंडवाड्यात बिनपाण्याच्या उभ्या राहिल्या. तीन कोकरं गेली. त्या माणसाला मी आजही रामराम घालत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. हजेरीत मेघाचं नाव आलं नाही. संध्याकाळी कडुबा माझ्या ओट्यावर आला.

"आबा, पोरगी रडू रडू बेजार झाली. सर म्हणत्यात, तुझ्या बापानंच काढलं. मी कशाला काढीन? कायतरी घोटाळा हाय. तुमी अध्यक्ष, तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांना म्हणालो, "नाव परत घ्या."

"अर्ज बापाचा आहे, आबा. सही फसवून घेतली असं त्यानं लिहून दिलं तरच दाखला रद्द करता येईल." सरांनी माझ्याकडं पाहिलं. "मग कोणी फसवलं, तेही लिहावं लागेल."

मी अर्जाची झेरॉक्स मागून घेतली. घरी आलो तर बानाबाई, माझी बायको, म्हणाली, "जेवता का?" मी नको म्हणालो.

मी कडुबाकडं गेलो. या वेळी मेघा दारातच बसली होती.

"कडुबा, तो कागद परत वाचतो. ऐक."

मी वाचला, जसा होता तसा. या वेळी अडखळलो. पण एकही शब्द सोडला नाही.

कडुबानं कागद माझ्या हातातून घेतला आणि खालची आपली सही बघितली. मग म्हणाला, "म्हंजे तुमाला तवाबी वाचता येत व्हतं?"

"व्हय."

"माझ्या पोरीनंच शिकवलेलं."

"व्हय."

सत्यभामा चहा टाकायला उठली होती, ती परत खाली बसली. मला उठा म्हणालं नाही कोणी, बसा असंही म्हणालं नाही.

सही फसवून घेतली अन् कोणी घेतली, हे लिहून दिलं तरच नाव परत लागेल, असं मी सांगितलं. कडुबानं मेघाला वही आणायला सांगितली. "नवा अर्ज लिही. मला भलतंच वाचून दाखवलं अन् सही घेतली, असं लिही."

तिनं लिहिलं. मग पेन थांबलं. ती बापाकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाली, "आबा, कोणी फसवलं त्याचं नाव लिहावं लागंल."

"लिही."

तिनं माझं नाव लिहिलं. मातीत काढायची तसंच, मोठं आणि सुटं.

मेघाचं नाव हजेरीत परत लागलं. अध्यक्षपद गेलं, ते जायलाच हवं होतं. निकाल शंभर टक्के लागायचा नाही असं हेडसर सगळ्यांना सांगतात. गणित अजून तिला जमत नाही म्हणे, आणि मला शिकवता येत नाही.

शाळेला जाताना मेघा माझ्या ओट्यापुढून जाते. मी पेपर घेऊन बसलेला असतो. पूर्वी ती थांबायची, कुठल्याही ओळीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हे वाचा, आबा." आता ती सरळ पुढं जाते.