गळाला मिशी

माझ्या बाबांना तळ्यावर सगळे ‘सूतभर’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जुन्या कारागिरांचं माप. एका कारखान्यात एकतीस वर्षं साचे बनवताना त्यांनी प्रत्येकाला ऐकवलं, "सूतभर चुकलं म्हणजे सगळं चुकलं." ते निवृत्त झाले, पण त्यांचं वाक्य काही निवृत्त झालं नाही. आई भाजी चिरत असली तरी ते फोडींकडे अशा नजरेने बघतात, की एखाद्या दिवशी ती सुरी त्यांच्या हातात देऊन माहेरी निघून जाईल. मी त्यांचीच मुलगी. माझ्याही नाकावर माशी बसत नाही, त्यामुळे आमच्या घरात शांतता अशी फारशी कधी नसते.

बाबांचा एकच शौक, मासेमारी. त्यासाठी लागतात जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेले गळ. डोक्याच्या वजनाने गळ तळाशी जातो, आणि दोरीला हिसका दिला की जिवंत असल्यासारखा उड्या मारतो. बाबांनी विकतचा जिग आयुष्यात वापरला नाही. त्यासाठीचा साचा त्यांनी तरुणपणी स्वतः कोरला. अ‍ॅल्युमिनियमचे दोन ठोकळे, पुस्तकासारखे मिटणारे. आत वाटाण्याएवढी पोकळी. पोकळीत गळ ठेवायचा, ठोकळे मिटायचे, वरून वितळलेलं शिसं ओतायचं. साच्याच्या कोपऱ्यात एक बारीक त्रिकोण ठोकलेला आहे. ती बाबांची खूण. ज्याचा हात साच्याला लागला, त्यानेच खूण ठोकायची, असा त्यांच्या खात्यातला नियम होता. एकतीस वर्षांत बाबांनी चार जणांना खूण ठोकायला परवानगी दिली. ते चौघे आजही भेटले की आधी तेच सांगतात.

तर झालं असं, की तळ्यात गवत माजलं. तीन-चार वर्षांत काठाचं पाणी हिरवं गच्च झालं आणि बाबांचा जिग दर वेळी हिरवी दाढी लावून परत यायला लागला. दुकानात मिळणाऱ्या नव्या जिगना डोक्यावर ताठ धाग्यांचा एक झुबका असतो. तो गळाच्या टोकासमोर आडवा उभा राहतो, त्यामुळे गवत घसरून जातं. माशाने तोंडात घेतलं की झुबका दबतो आणि टोक मोकळं होतं. तळ्यावरचे लोक त्याला मिशी म्हणतात.

बाबांच्या शेजारी बावीस वर्षं बसणारे एक निवृत्त पोस्टमन आहेत. ते कायम बाबांचेच जिग वापरायचे. एके दिवशी त्यांची डबी उघडी राहिली आणि फडक्याखाली लपवलेले डझनभर मिशीवाले जिग बाबांना दिसले. बाबांनी लगेच दोरी गुंडाळली. घरी आले, काठी कपाटावर ठेवली आणि दोन महिने तळ्याकडे फिरकले नाहीत.

साचे बनवणारा माणूस दोन महिने घरात बसला की काय होतं, ते शत्रूवरही येऊ नये. त्यांनी न्हाणीघराच्या दाराची कडी तीनदा उघडून बसवली. चौथ्यांदा आई आत असताना उघडली. पण मला खरा धक्का बसला तो एका दुपारी. बाबा टेबलाशी साचा घेऊन बसले होते, हातात पेन्सिल. मिशीसाठी भोक कुठे पाडायचं ते आखत होते. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. रेघ वाकडी आली. त्यांनी खोडली, परत आखली, परत वाकडी आली. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि तो हात मांडीखाली दाबून बसून राहिले. मी दारातूनच मागे फिरले. मला रडू आलं आणि मग रडू आल्याचा राग आला.

जेवताना मी म्हणाले, "भोक मी पाडते."

"तू दात कर," बाबा म्हणाले.

मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. वीस वर्षं कवळ्या आणि टोप्या बनवतेय. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान जागेत ड्रिल चालवणं हा माझा रोजचा धंदा आहे, आणि ते मी त्यांना जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

"दात बसला नाही तर दुसरा करता येतो," ते म्हणाले. "हा साचा गेला तर दुसरा होणार नाही. कोण करणार? मी?"

उत्तर आईकडे होतं. ती पाणी ओतता ओतता म्हणाली, "जन्मभर गावाला सांगत आलात, पोरीचा हात माझ्यावर गेलाय म्हणून. खरं असेल तर साचा द्या. खोटं असेल तर सांगणं बंद करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर तेलकट फडक्यात गुंडाळलेला साचा होता.

काम ऐकायला सोपं आहे. दोन ठोकळे जिथे मिळतात त्या रेघेवर, बाहेरून आतल्या पोकळीपर्यंत तिरकं भोक पाडायचं. भोकात पोलादी पिन घालून शिसं ओतायचं. पिन काढली की शिशाच्या डोक्यात भोक राहतं आणि त्यात धाग्यांचा झुबका चिकटवता येतो. पण भोक दोन्ही ठोकळ्यांत अर्धं-अर्धं आलं पाहिजे. केसभर इकडे-तिकडे गेलं तर साचा नीट मिटणार नाही, शिसं बाहेर गळेल आणि बाबांची तरुणपणाची कमाई भंगारात जाईल. शिवाय तिरकेपणाही असा हवा, की झुबक्याची टोकं गळाच्या टोकाच्या जेमतेम वर येतील.

मी आंधळी उडी मारत नाही. साच्यात दातांचं प्लॅस्टर ओतून मी डझनभर पांढरी डोकी काढली, प्रत्येकात वेगळ्या कोनात भोक पाडलं, काड्या खोचून बघितल्या आणि सगळी खिडकीत ओळीने मांडली. बाबा येता-जाता कपाळाला आठ्या घालून बघायचे. चौथ्या दिवशी सातवं डोकं गायब होतं. मला तेच पसंत होतं. दुपारी बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून त्याचं पांढरं टोक दिसलं. सातवा कोन पक्का झाला.

रविवारी सकाळी बाबांच्या मागच्या खोलीत साचा शिकंज्यात आवळला. बाबा म्हणाले, "मला नाही बघवणार," आणि वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आधी ड्रिलचं बारीक बिट घातलं. हात माझा शांत होता. भोक रेघेवरून सरळ उतरलं. मग एक सुताचं बिट लावलं. किती आत जायचं ते कळावं म्हणून बिटावर चिकटपट्टीची खूण केली आणि मशीन चालू केलं. अर्ध्यावर गेलं असेल नसेल, आवाज बदलला. बारीक किंचाळल्यासारखा.

"रॉकेल!" स्वयंपाकघरातून गर्जना झाली.

मी बटणावरचा हात काढला. बिट वर घेतलं तर त्याच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियम चिकटून बसलेलं. अजून एक क्षण आणि ते बिटाला बाजूला ओढून घेऊन गेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमला भोक पाडताना रॉकेलचे थेंब सोडत राहावे लागतात. माझ्या कामात ड्रिलवर पाणी आपोआप गळत असतं, काही सोडायची मला सवयच नाही. वीस वर्षांच्या अनुभवाची माझी सगळी मिजास त्या एका आवाजात उतरली. आणि भिंतीपलीकडून, वर्तमानपत्राआडून, त्या माणसाला ते कळलं होतं!

"उंटावरून शेळ्या हाकू नका! इकडे या!" मी ओरडले.

ते तयारच असावेत, कारण वाक्य संपायच्या आत दारात होते. त्यांनी रॉकेलची बुधली घेतली आणि थेंब सोडायला लागले. हात थरथरत होता, त्यामुळे थेंब बिटावर पडले, साच्यावर पडले, माझ्या बाहीवर पडले, बाबांच्या चपलेवर पडले. पण जिथे हवे तिथेही पडले. बिट लोण्यात गेल्यासारखं खूण येईपर्यंत गेलं.

साचा उघडला. भोक दोन्हीकडे अर्धं-अर्धं. बाबांनी भिंग लावलं, खिडकीशी गेले, फिरवून फिरवून बघितलं.

"बरं आहे," ते म्हणाले.

माझ्या चव्वेचाळीस वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी बरं म्हटलेलं मला आठवत नाही. आईला हाक मारून साक्षीला उभं करावंसं वाटलं.

पण पहिला जिग ओतला आणि पिन अडकली. शिसं थंड होताना आवळतं, त्याने पिन घट्ट धरून ठेवली. पकडीने ओढली तर डोकं तुटून गळापासून वेगळं झालं. दुसरा ओतला, तेच. बाबांचा चेहरा पडला. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "साचा शाबूत आहे. जुन्यासारखाच वापरू, झालं."

मला मात्र हसू फुटलं. कारण आता गोष्ट माझ्या अंगणात आली होती. तोंडातून साचा सुटून यायला हवा तर त्याला उतार लागतो, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. सरळ भिंत अडकतेच. मी पिनचं आतलं टोक दगडावर घासून किंचित निमुळतं केलं, डोळ्यांना कळणारही नाही इतकं. शिसं चिकटू नये म्हणून बाबांनी मेणबत्तीवर तिला काजळी धरली. ओतलं, गरम असतानाच पकडीने जरा पिळलं. टक्. पिन बाहेर, डोकं अखंड, भोक गोल.

"उतार," बाबा म्हणाले. मग स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "उतार. मला कसं नाही सुचलं?"

"तुम्ही आयुष्यात कधी कुणापुढे एक पायरी तरी उतरलायत का," आई दारातून म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

पुढच्या रविवारी कपाटावरची काठी खाली आली. मीही सोबत गेले. मला माशांमध्ये काडीचा रस नाही, पण मला ते बघायचं होतं. बाबांनी जिग टाकला तो सरळ गवताच्या गचपणात, जिथे कुणी टाकत नाही. पोस्टमनकाकांनी मान वळवली. दोरी आली, जिग स्वच्छ. पुन्हा टाकला, पुन्हा स्वच्छ. पाचव्या वेळी काठी वाकली आणि हातभर मासा बाहेर आला. मासा मी फारसा बघितला नाही. मी बाबांची पाठ बघत होते. दोन महिन्यांनी ती ताठ झाली होती.

काका जवळ आले, जिग हातात घेतला. "सूतभर, ही मिशी कुठल्या दुकानातली?"

"मुलीने साच्यात बसवली."

"म्हणजे तुम्ही सांगितलं तसं तिने केलं."

"मी?" बाबा म्हणाले. "मी स्वयंपाकघरात पेपर वाचत होतो."

रॉकेलचं नाव त्यांनी काढलं नाही, उताराचं मात्र काढलं. अर्धा तास काढलं. काकांना सांगून झाल्यावर शेजारच्या दोघांना सांगितलं, आणि मग जो फक्त कुत्रं फिरवायला आला होता त्यालाही थांबवून सांगितलं. मी तोंड वळवून पाण्याकडे बघत राहिले, कारण माझ्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते आवरत नव्हतं. निघताना बाबांनी काकांच्या डबीत सहा जिग ठेवले. काकांनी मान खाली घालून घेतले.

घरी आल्यावर बाबांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. शिकंज्यात साचा होता, कोपरा वर. बाबांनी खिशातून बोटाएवढा एक पोलादी तुकडा काढला. जुन्या ड्रिलच्या दांड्याला कानशीने घासून केलेला खुणेचा पंच. टोकावर काय आहे ते बघायला मी भिंग घेतलं. दाढ. दोन मुळांची, बारीक दाढ. एक मूळ जरा जाड झालं होतं.

"हे कधी केलंत?"

"तू प्लॅस्टरची डोकी करत होतीस तेव्हा."

म्हणजे भोक पाडायच्या आधी. खिडकीतल्या डोक्यांकडे आठ्या घालून बघत होते त्याच दिवसांत, त्या थरथरत्या हाताने, ते माझी खूण घासत बसले होते.

"हातोडी घे," बाबा म्हणाले आणि पंच त्यांनी स्वतः धरला. त्रिकोणाच्या शेजारी, दोन बोटांत.

त्यांचा आणखी एक नियम आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ज्याच्या हातोडीवर भरवसा नाही, त्याच्यासाठी पंच धरायचा नाही. कारखान्यात त्या चौघांनी आपापला पंच आपणच धरला होता.

"बाबा, मी धरते."

"मार."

मी मारली. एकच घाव. बाबांनी पंच उचलला, भिंग लावलं आणि बराच वेळ वाकून राहिले. मीही वाकले. त्रिकोणाशेजारी दाढ उमटली होती, चांगली खोल, पण एका बाजूला कललेली. घाव बसतानाच त्यांचा हात हलला होता.

"सूतभर तिरकी आली," ते म्हणाले.

"घासून पुन्हा ठोकू?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली, फडक्याने खुणेवरचं तेल पुसलं आणि साचा माझ्या हातात दिला. "राहू दे तिरकी. त्यात माझाही हात आहे."