कोळ्याने टाकलेलं ठिगळ

त्र्याऐंशी सालची नारळी पुनव आठ दिवसांवर आली, तरी सातपाटीच्या वामनचं जाळं अंगणातच पडलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्याने ते विणलं आणि वरच्या दोरावर बायकोने, येसूबाईने, जाळं तरंगतं ठेवणारे बोये बांधले. येसूबाई गेली, जाळं राहिलं. गेल्या मोसमात ते नेमकं वामनने आधी लावलेल्या ठिगळापाशी फाटलं.

"बाबा, आता नवीन घेऊ. हे होडीत चढवणार नाय," मुलगा कमलाकांत म्हणाला.

"पुनवेपर्यंत शिवतो, मग बोल!"

बोलून तर गेला, पण हातात सुई आणि डोळे भलतीकडेच! अंगणाच्या कडेच्या जास्वंदीत पिवळ्या पट्ट्यांच्या एका कोळ्याने जाळं लावलं होतं. बारीक माशी सापडली की तो थेट पकडायचा. नाकतोड्यासारखं दांडगं जनावर आलं, तर आधी लांबूनच धाग्यांनी गुंडाळायचा आणि मग चावायचा. वामन तासन् तास बघत बसे.

एका दुपारी मोठा चतुर धडकला आणि जाळ्याला भगदाड पाडून निघून गेला. फाटकं जाळं बघून वामन गप्प बसतोय होय! त्याने आपल्या जाळ्यातला नायलॉनचा एक तंतू उसवला आणि काडीने अलगद त्या भोकावर चिकटवला. कोळी आला, पायाने चाचपलं, आजूबाजूचे धागे तोडले आणि वामनचं ठिगळ खाली टाकून दिलं.

वामनला चक्क राग आला. "चाळीस वर्षं जाळी शिवली मी! तुला माझं ठिगळ चालत नाय?"

आता हा शहाणा स्वतः कसं शिवतो, ते बघायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत वामन जास्वंदीपाशी जाऊन बसला. कोळ्याने काही शिवलंच नाही. मधलं सगळं जाळं गोळा करत त्याने गिळून टाकलं. बाहेरचे ताणाचे धागे तेवढे ठेवले आणि उजाडेपर्यंत त्यांच्यावरच नवंकोरं जाळं उभं केलं. वामन तोंड उघडं टाकून बघत राहिला.

मग तो आपल्या जाळ्यापाशी आला. दोरावरच्या येसूबाईच्या गाठी एकेक करून चाचपल्या. त्याला भडभडून आलं. मग त्याने सुरी घेतली.

कमलाकांत उठून बाहेर आला, तर बाप जाळं कापत बसलेला.

"बाबा! काय चाललंय?"

"जा, नवीन जाळं घेऊन ये," वामन मान वर न करता म्हणाला. "दोर नि बोये मात्र हेच लावायचे. तुझ्या आईच्या गाठी अजून घट्ट हायत."