पन्नास पावलांचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी फक्कीची गाडी आहे. फुटबॉलच्या मैदानावर ज्या पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्या काही गवतासारख्या आपोआप उगवत नाहीत. फक्की म्हणजे पांढरी पूड. ती माझ्या पोटात भरतात, खालची झडप उघडतात आणि मला ढकलत नेतात. मी पुढे जाते, मागे रेघ उरते. सामना संपला की गोल कुणी केला ते सगळे सांगतात. चेंडू कुठल्या रेघेपलीकडे गेला म्हणून तो गोल ठरला, हे कुणी विचारत नाही. असो. मी तक्रार करायला बसलेली नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. तेलाचा चौकोनी डबा, जुन्या फावड्याचा लाकडी दांडा आणि कुणा लहान मुलाच्या सायकलचं चाक, अशी माझी जुळवाजुळव. चाकाची कड तुटलेली होती. वेल्डरने ती जोडली खरी, पण घाईत तिथे एक गाठ राहून गेली. चाकाचा फेरा पुरा झाला की ती गाठ चाक धरणाऱ्या चिमट्याला घासते आणि मी "कुंईं" करते. मला न्यायला मैदानाची देखभाल करणारे काका आले होते. सगळे त्यांना मैदानकाका म्हणतात. त्यांनी मला दुकानापुढे एक चक्कर मारून आणली आणि म्हणाले, "अहो, ही तर रडते."

"तेल घाला, गप्प बसेल," वेल्डर म्हणाला.

काकांनी तेल काही घातलं नाही. आज घालू, उद्या घालू करता करता बारा वर्षं झाली.

मी राहते मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत. अर्ध्या खोलीत मी, गोलाच्या जाळ्या आणि कोपऱ्यांचे झेंडे. उरलेल्या अर्ध्यात ताईंचं टेबल. ताई म्हणजे मुलींच्या राखीव संघाच्या प्रशिक्षक. पूर्वी त्या स्वतः मोठ्या संघात खेळायच्या. मग गुडघा गेला, शिट्टी गळ्यात आली. मोठ्या संघात जागा मिळेपर्यंत मुली दोन-तीन वर्षं ताईंच्या हाताखाली खेळतात. काहींचं नाव वर चढतं, काहींचं कमी होतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. राखीव संघाचा सामना असला की त्या सकाळी मैदानाच्या रेघा मुलींनीच मारायच्या, आणि त्याही अनवाणी, म्हणजे बुटांच्या खिळ्यांनी ताजी रेघ उखडत नाही. प्रत्येकीला वर्षभराचं एक काम वाटून दिलेलं. त्यामुळे प्रत्येक मुलीचा हात मला ओळखू येतो. एकजण मला अशी पळवायची की रेघ तुटक तुटक यायची. सामन्यातही ती चेंडू मिळाला की मान खाली घालून सुसाट सुटायची, मग समोर कोण आहे नि बाजूला कोण आहे, काही पत्ता नाही. दुसऱ्या वर्षी एके सकाळी तिची रेघ सलग आली. मी मनात म्हटलं, आज ही पास देणार. तिने त्या दिवशी तीन दिले! आणखी एकजण दर चार पावलांवर थांबून मागे बघायची, आपलं काही चुकलं तर नाही ना म्हणून. ती आता मोठ्या संघाची कप्तान आहे. अजूनही बघते, पण आता दुसऱ्यांचं काही चुकत नाही ना, ते. गोल अडवणाऱ्या मुलीला सगळे 'भिंत' म्हणतात. गोलरेषा तीच मारते आणि त्या रेघेवर चुकून पाय पडला तर घरचा माणूससुद्धा ओरडा खातो.

आणि मग आली लवंगी. वयाने तेराची, दिसायला दहाची. नाव तिला भिंतीनेच ठेवलं, कारण ही एवढीशी, पण चेंडूला पाय लागला की आवाज सगळ्या मैदानात. तिच्या थोरल्या बहिणीचे बूट तिला तेव्हा नीट बसत होते.

हंगामाच्या पहिल्या सकाळी काका पेनल्टीचा ठिपका मोजत होते. गोलरेषेपासून ठिपक्यापर्यंत अकरा मीटर लागतात. लवंगी उगाचच पट्टीच्या कडेने टाचेला बोटं भिडवत चालत निघाली, मोठ्याने आकडे म्हणत. पट्टी संपली तिथे ती ओरडली, "पन्नास! काका, बरोब्बर पन्नास पावलं!"

काकांना पटेना. त्यांनी तिला दुसऱ्या गोलाकडे नेलं. तिथेही पन्नास. काका कमरेवर हात ठेवून हसले. त्यांची कंबर दुखते, वाकून पट्टी धरायचा त्यांना मनापासून कंटाळा.

"संपलं की मग! पट्टी हरवते, पण पोरीचे पाय कुठे हरवणार?"

त्यांनी तिचं पाऊल माझ्या दांड्यावर धरलं आणि टाचेपाशी एक, अंगठ्यापाशी एक अशा खिळ्याने दोन खुणा केल्या. मोजपट्टी गेली लोखंडी पेटीच्या तळाशी. तेव्हापासून ठिपक्याचं काम लवंगीचं. सगळ्यांनी काकांच्या डोक्याचं कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मीही केलं.

ठिपका मारताना लवंगी मला बरोबर घ्यायची. टाच गोलरेषेला लावायची, माझ्या चाकावरची गाठ चिमट्यापाशी आणायची, झडप बंद ठेवायची आणि पन्नास पावलं चालायची. मी वाटेत आठ वेळा "कुंईं" करायचे. मग पायाने खूण करून ती मला मागे ओढायची, झडप उघडायची आणि ठिपका पाडायची. आठ कुंईं म्हणजे ठिपका आला, हे काकांच्याही कानात बसलं होतं.

पेनल्टी मारायचं कामही ताईंनी तिलाच दिलं. ती ठिपक्यावर चेंडू ठेवायची, चार पावलं मागे जायची आणि चेंडू वरच्या कोपऱ्यात, आडव्या खांबाच्या अगदी खालून घालायची. पहिल्या दोन महिन्यांत एकही चुकली नाही. मोठ्या संघाचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, तेही एकदा थांबून बघत राहिले. मूर्ती लहान, पण कीर्ती महान.

मग तिचे चेंडू आडव्या खांबाला थडकायला लागले.

एकदा थडकला, दोनदा थडकला, मग दर सामन्याला. खांबाच्या एकाच जागेचा रंग उडाला. ताईंनी तिला सरावाला थांबवून घेतलं, कधी वीस, कधी तीस पेनल्टी मारून घेतल्या. जितकं जास्त मारावं, तितकं बिघडत गेलं. बाहेरगावच्या मैदानांवर तिला तीन पेनल्टी मिळाल्या आणि तिन्ही गोल झाले, पण ते नशीब म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. इकडे भिंतीचा मात्र भाव वधारला. पाहुण्या संघांच्या पेनल्टी ती धडाधड अडवत होती.

मित्रांनो, कारण मला ठाऊक होतं. हंगामाच्या मध्यावर एका सकाळी पन्नास पावलांत मी आठऐवजी नऊ वेळा "कुंईं" केलं. लवंगीचे पाय वाढत होते! दर आठवड्याला तसूभर, पण पन्नास पावलांत ते तसू साचत होते आणि ठिपका गोलापासून लांब लांब सरकत होता. लवंगी तोंडाने पावलं मोजत असायची, तिला माझं ऐकू कसं येणार? बाकीच्या मुलींचा कलकलाट, पाण्याच्या पंपाची घरघर, त्यात काकांपर्यंत तर काहीच पोचायचं नाही. मी जीव तोडून कुरकुरत होते. पण मी कुरकुरते हे सगळ्यांना माहीतच होतं. रोज कुरकुरणाऱ्याचं कोण ऐकतं?

काकांना एकदा शंका आली होती. ठिपक्यावर दोरी धरून पेनल्टीच्या चौकटीपुढचा अर्धगोल काढतात, तो त्यांना फुगीर वाटला. "ह्याला तर माझ्यासारखं पोट सुटलंय," ते म्हणाले. "दोरी ताणली असणार." आणि त्यांनी दोरी बदलली.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मोठे सर खोलीत आले. ताईंच्या वहीत मुलींची यादी होती.

"लवंगीचं नाव कमी करावं लागेल," सर म्हणाले. "अगं, वर्षभरात इंचभर तरी वाढली का ती? मोठ्या मुली तिला खांद्याने उडवतील. पेनल्टी होती म्हणून ठेवली होती, आता तीही गेली."

"सर, तिचा पाय चांगला आहे हो."

"पाय चांगला आहे, पण तो गोलात जात नाही."

ताईंनी वहीत लिहिलं: उंची, वाढ नाही. पण नावावर रेघ मारली नाही. "उद्याचा सामना होऊ दे," त्या म्हणाल्या. जाळी घ्यायला आलेली भिंत दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. भिंतीने रात्रीतून सगळ्यांना सांगितलं होतं. मुली आपापली रेघ मारून मुकाट्याने बाजूला बसल्या. पंपही बंद होता. लवंगीचे डोळे सुजलेले होते, तरी तिने टाच गोलरेषेला लावली, माझी गाठ चिमट्यापाशी आणली आणि निघाली. आज ती आकडेही मनातच म्हणत होती. काका उपड्या बादलीवर बसून झेंड्याची काठी तासत होते.

कुंईं. कुंईं. आजचा दिवस गेला तर पुढच्या वर्षी हे पाय माझ्यामागे नसणार होते.

आठवी कुंईं झाली. काकांनी सवयीने मान वर केली. लवंगी चालतच होती. नववी झाली, तिचं पन्नासावं पाऊल पडलं, तेव्हा काकांचा हात थांबला.

"ए पोरी, थांब. जागची हलू नको!"

काका खोलीत गेले. पेटीतली खडखड बाहेरपर्यंत ऐकू आली. ते गंजलेली मोजपट्टी घेऊन आले, कंबर विसरून वाकले आणि मोजायला लागले. पाऊण मीटर जास्त! त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच. मग त्यांनी लवंगीचं पाऊल धरून माझ्या दांड्यावर ठेवलं. टाच खुणेला लावली, तर बोटं दुसऱ्या खुणेच्या बोटभर पुढे गेली.

काका मटकन गवतावर बसले. "काय मूर्ख माणूस आहे मी! वाढत्या पोरीच्या पायाची मोजपट्टी केली!"

"काका, माझं चुकलं का?" लवंगी घाबरून म्हणाली.

"तुझं नाही गं. तुझा नेम वर्षभर एकाच जागी लागत होता. जागा आम्ही हलवली."

"तरीच बूट चावतात," लवंगी म्हणाली. "मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, नखं काप."

काकांनी हाका मारमारून ताईंना आणि सरांना बोलावलं. अकरा मीटरवर नवा ठिपका पाडला. सगळ्या मुली गोलामागे उभ्या राहिल्या. लवंगीने पाच पेनल्टी मारल्या. चार आडव्या खांबाच्या अगदी खालून आत गेल्या. पाचवी भिंतीने अडवली आणि लगेच तिच्या ध्यानात आलं.

"म्हणजे माझ्या वर्षभराच्या पेनल्टीपण लांबूनच होत्या?"

"पण ही तर अकरावरूनच अडवलीस ना?" ताई म्हणाल्या. भिंतीने तेवढ्यावर समाधान मानलं.

मोठे सर माझ्या दांड्यावरच्या खुणा बघत होते. "पण उंची, काका? उंची तर वाढली नाही."

"सर, आमच्या थोरल्याचं सांगतो. आधी चपला पुरेनात, मग सहा महिन्यांनी चड्ड्या पुरेनात. पाय आधी येतात, बाकीचं पोर मागून येतं."

सर हसले नाहीत. त्यांनी ताईंची वही मागून घेतली, 'वाढ नाही' मधला 'नाही' खोडला आणि वही परत दिली. त्या दिवशी सामन्यात एकही पेनल्टी मिळाली नाही. लवंगीने मात्र सगळा वेळ पळून पळून समोरच्या मोठ्या मुलींना दमवलं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. हिचे माझ्या दांड्यावर दिसले.

याला तीन वर्षं झाली. आता ठिपका मोजपट्टीने मोजतात, आणि पट्टी एक मुलगी धरते, म्हणून काकांची कंबरही खूश आहे. पण दांड्यावर खुणा करायची पद्धत राहिली. राखीव संघातली प्रत्येक मुलगी महिन्यातून एकदा पाऊल ठेवून जाते. माझा दांडा आता इतका ओरबाडलेला आहे की नवीन माणसाला वाटावं, उंदरांनी कुरतडला. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्या पोटात ओली फक्की ठेवू नका, ती दगडासारखी बसते. मला पावसात बाहेर विसरू नका. आणि वाढत्या माणसाचं माप एकदा घेऊन पेटीच्या तळाशी टाकू नका. ते पुन्हा पुन्हा घ्या.

गेल्या आठवड्यात मैदानावर नवीन मदतनीस आला. त्याने मला दोन पावलं ढकललं, कान झाकले आणि तेलाची बुधली आणली. तेवढ्यात मोठ्या संघाच्या कपड्यांत एक उंच मुलगी दारात वाकून आत आली. हो, तिला आता त्या दारातून वाकावं लागतं. त्या दिवशी तिचा मोठ्या संघातला पहिला सामना होता. तिने त्याच्या हातातली बुधली काढून घेतली आणि फळीवर ठेवली.

"दादा, बाकी सगळीकडे घाला," लवंगी म्हणाली. "तेवढी गाठ सोडून."