बॉनेट, एक वाजून चार मिनिटांनी

बॉनेट उघडलं. आतला चासी नंबर सतरा अक्षरांचा होता आणि पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ वाचता येत होता. गंज नाही, खाडाखोड नाही. झालं.

आता हे विसरा. वाहन तपासणी केंद्राच्या वहीप्रमाणे त्या दिवशी बॉनेट उघडलेलंच नाही, आणि वहीपेक्षा माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा असं मी आयुष्यात अजून काही केलेलं नाही. तेव्हा बॉनेट बंद आहे असं धरून चालू. चौदा महिने बंदच होतं, अजून अर्धा तास धरायला काय जातंय.

गाडी वडिलांच्या आणि काकांच्या नावावर आहे, निम्मी निम्मी. वडील शिलाई मशीन दुरुस्त करतात. काका किल्ल्या बनवतात आणि लोकांची अडकलेली कुलपं उघडून देतात. दुकानं शेजारी शेजारी आहेत, मधली भिंत सामाईक. चौदा महिन्यांपूर्वी बॉनेटची केबल तुटली, तेव्हा वडिलांनी कोणाला न विचारता तिथे सायकलच्या ब्रेकची तार बसवली. त्याच आठवड्यात काकांनी, तेही कोणाला न विचारता, बॉनेटच्या लॉकची कडी घासूनपुसून, वाकवून चांगली घट्ट केली, बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून. मग कोणीतरी बॉनेट आपटून बंद केलं. कोणी, यावर अजून एकमत नाही.

काका म्हणाले, तार ढिली आहे. वडील म्हणाले, कडी आवळली आहे. दोघंही बरोबर होते आणि सगळा घोळ तिथेच झाला. वडिलांनी भर दुकानात विचारलं, "तू कुलपं उघडायचं दुकान चालवतोस की बंद करायचं?" त्यावर काकांचं गिऱ्हाईक हसलं. एक माणूस हसला म्हणून दोन माणसं चौदा महिने एकमेकांशी बोलली नाहीत.

गॅरेजमध्ये नेऊन बॉनेट उघडून घेता आलं असतं. पण मग मेकॅनिकने चूक कोणाची ते सांगितलं असतं, आणि तेवढा धोका पत्करायची कोणाचीच तयारी नव्हती. ऑइल बदलायची तारीख दोनदा येऊन गेली. काच धुवायच्या पाण्याची टाकी कधीच कोरडी पडली. आता गाडीत पाण्याची बाटली ठेवावी लागते. दोन बाटल्या, कारण एक वडिलांची आणि एक काकांची.

गाडी वापरायची सोय माझ्या ताईने लावून दिली: सम तारखेला वडील, विषम तारखेला काका. त्यात एक भोक राहिलं. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते आणि दोन्ही विषम असतात, म्हणजे काकांना लागोपाठ दोन दिवस गाडी. वडिलांना हे पहिल्याच एकतीस तारखेला कळलं. त्यातून ते अजून उठलेले नाहीत.

माझं घरातलं काम निरोप पोचवणं. दोघं एकाच खोलीत बसलेले असले तरी निरोप माझ्यामार्फत जातो. वडील म्हणतात, त्या गाढवाला सांग पेट्रोल भरून ठेवायचं असतं. मी म्हणतो, काका, पेट्रोल संपत आलंय. काका म्हणतात, तुझ्या बापाला सांग, सीट मागे सरकवून ठेवतो तो, त्याच्या पोटासाठी गाडी रुंद करून घेऊ का. मी म्हणतो, बाबा, सीटचं जरा बघा. मधल्या शिव्या माझ्याकडे राहतात. दोन्ही बाजूंचा मिळून चांगला साठा झालाय आणि त्यातली एकही योग्य माणसापर्यंत पोचलेली नाही.

ताई फिजिओथेरपिस्ट आहे. दोन वर्षं ती एका दवाखान्यात डॉक्टरांच्या भाच्याच्या हाताखाली टॉवेल गरम करत होती. शेवटी तिला घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम द्यायची नोकरी लागली, सोमवारपासून. गाडी स्वतःच्या नावावर पाहिजे आणि तिचे कागद शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचले पाहिजेत, ही अट. तिने दोघांकडे गाडी मागितली. वडील म्हणाले, त्याच्याकडून जाणार असेल तर माझी हरकत नाही. काकाही तेच म्हणाले, शब्दसुद्धा तेच. नाव बदलायला तपासणी लागते, आणि तपासणीत बॉनेट उघडून आतला चासी नंबर बघतात. ताईने दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं, बॉनेट उघडतं ना? वडील म्हणाले, माझ्या बाजूने काही प्रॉब्लेम नाही. काका म्हणाले, माझ्या बाजूने काही प्रॉब्लेम नाही. ताई हुशार आहे, पण दोन्ही बाजूंनी प्रॉब्लेम नाही म्हटल्यावर मधोमध असेल हे तिच्याही लक्षात आलं नाही.

शुक्रवारी सतरा तारीख होती, विषम. म्हणून काका गाडी घेऊन आले, ताई त्यांच्याबरोबर. वडील बसने आले आणि मी त्यांच्याबरोबर, कारण निरोप्याला मूळ माणसाजवळ राहावं लागतं.

केंद्राच्या आवारात सिमेंटचा चौथरा, त्यावर पिवळी रेघ आणि भिंतीवर घड्याळ. आमची वेळ साडेबारा ते एक. एक वाजता जेवणाची सुट्टी आणि पुढची मोकळी तारीख चार महिन्यांनी. तपासनीस बाईंच्या गळ्यात दोरीला बांधलेलं पेन होतं. चौदा वर्षांच्या नोकरीत एकही पेन हरवलेलं नाही, असं त्यांनी आम्ही न विचारता सांगितलं. मग भिंतीवरच्या पाटीकडे पेन केलं. पाटीवर लिहिलं होतं की रेघेच्या आत वाहनास फक्त नोंदणीकृत मालकांनी हात लावावा. पूर्वी एका दलालाचं बोट दारात चेमटलं होतं, तेव्हापासून.

मग मी आणि ताई रेघेबाहेर थांबलो. काका ड्रायव्हरच्या सीटवर, वडील बॉनेटसमोर हाताची घडी घालून.

बाई म्हणाल्या, उघडा.

काकांनी डॅशबोर्डखालचा खटका ओढला. आतून बारीक आवाज आला, माणूस झोपेत कूस बदलतो तेवढा. बॉनेट जागचं हललं नाही.

तार ढिली म्हणून खटका पार शेवटपर्यंत ओढून धरायचा, आणि कडी आवळली म्हणून त्याच क्षणी वरून बॉनेट जोरात दाबायचं. एवढंच करायचं होतं. दोन माणसं, एक क्षण. काकांना हे लगेच कळलं, कारण काही झालं तरी ते कुलपातले आहेत. त्यांनी काच खाली करून मला सांगितलं, "तुझ्या बापाला सांग, दाब म्हणावं."

वडिलांपासून काका दीड मीटरवर होते. मी दोघांपासून पाच मीटरवर. दीड मीटरचं अंतर कापायला निरोप दहा मीटर फिरून जात होता. मी ओरडलो, बाबा, दाबा. वडिलांनी दाबलं, तोवर काकांनी खटका सोडला होता. वडील म्हणाले, त्याला सांग दाबलं. मी सांगितलं. काकांनी ओढलं, तोवर वडिलांनी हात काढला होता. असं अकरा वेळा झालं. वेळ वाचवायला मी शिव्या गाळणं बंद केलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच माल जसाच्या तसा पोचत होता. गाढव, तुझ्या बापाचं पोट, सायकलवाला, कुलूपबंद. त्याने फरक एवढाच पडला की दोघंही आता माझ्याकडे रागाने बघायला लागले.

बाई घड्याळाकडे बघत होत्या. बारा बावन्न.

मी बाईंना विचारलं, मी नुसता आत येऊन दाबलं तर? त्यांनी विचारलं, तुम्ही मालक का? नाही, मुलगा आहे. त्या म्हणाल्या, मुलगा हा मालकीचा प्रकार नाही.

तेव्हा ताईने माझं मनगट धरलं. तिचा धंदाच तो, कुठे दाबलं की माणूस गप्प होतो ते तिला बरोबर माहीत आहे. म्हणाली, "आता तू एक शब्द बोलायचा नाहीस. बघू दे मला, यांना मी लागते की तू."

मी गप्प झालो.

वडील माझ्याकडे बघत थांबले, निरोपाची वाट बघत. काका माझ्याकडे बघत थांबले. काका एकदा हवेत बोलले, कोणालाच नाही, की ओढतोय. वडिलांनी आकाशाला सांगितलं की लोकांनी सांगून ओढावं. बारा पंचावन्न. बारा सत्तावन्न. ताईकडे दोघांपैकी कोणीही बघत नव्हतं. मला मनगटात तिची नाडी लागत होती आणि ती माझ्या नाडीपेक्षा बरीच पुढे होती.

बारा एकोणसाठला काकांनी चिडून खटका ओढला, आणि खटक्याचा तुकडा त्यांच्या हातात आला. उरलेला खुंट त्यांनी दोन बोटांत पकडला.

"सोडू नकोस रे," वडील म्हणाले.

हे ते थेट काकांना म्हणाले. मध्ये कोणी नव्हतं.

काकांना काही क्षण समजलंच नाही कोण बोलतंय. मग म्हणाले, "मला शिकवू नकोस दादा. ब्रेकची तार लावणाऱ्याने मला शिकवू नये."

बाईंनी पेन उचललं. एक वाजला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण घातलं आणि डबा काढला.

पण आता त्या दोघांना एक वाजल्याशी देणंघेणं नव्हतं. चौदा महिन्यांचं साचलेलं बाहेर पडत होतं आणि त्यात माझा काडीचा वाटा नव्हता. गिऱ्हाईक निघालं, सीट निघाली, बाटल्या निघाल्या, लहानपणचा कुठलातरी कंपास निघाला. वडील एकेका मुद्द्याला बॉनेटवर मूठ आपटत होते. काका एकेका मुद्द्याला खुंट ओढत होते. एक वाजून चार मिनिटांनी वडील "एकतीस तारीख" म्हणाले आणि दोन्ही मुठी एकदम आपटल्या. नेमक्या त्याच क्षणी काका "मग फेब्रुवारी?" म्हणत पूर्ण ताकदीने मागे रेलले.

टक् असा आवाज झाला आणि बॉनेट दोन बोटं वर आलं. वडिलांनी ते पूर्ण वर उचललं.

आत वडिलांची तेलाची कुपी होती, जी काकांनी चोरली असं वडिलांचं म्हणणं होतं. शेजारीच काकांची कानस होती, जी वडिलांनी लपवली असं काकांचं म्हणणं होतं. आणि मागच्या पत्र्यावर, सतरा अक्षरी, चासी नंबर.

ताई रेघेला पाऊल न लावता वाकली आणि बाईंना म्हणाली, उघडलंय, बघा. तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात सुटे आहेत का विचारतात तसा.

बाईंनी बॉनेटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पोळीचा घास मोडला आणि वही आमच्याकडे फिरवली. वहीत लिहिलं होतं: वाहनास बॉनेट उघडण्याची सोय नाही.

मी म्हटलं, पण ते तुमच्या समोर उघडं आहे. बाई म्हणाल्या, "मला सुट्टीत दिसत नाही."

मी विचारलं, मग दोन वाजता दिसेल का? म्हणाल्या, दोनला दुसऱ्यांची वेळ आहे. तुमची चार महिन्यांनी. तोवर बंद करू नका, एवढा सल्ला देते.

बंद करायचा प्रश्नच नव्हता. वडील आणि काकांनी मिळून तीनदा आपटलं, बॉनेट लागेना. वडील म्हणाले कडी आता जास्त उघडली, काका म्हणाले तार अडकली. हे मात्र ते एकमेकांना म्हणाले.

ताईने कोपऱ्यात जाऊन फोन केला. चार महिन्यांच्या मुदतीबद्दल विचारलं, मग नुसत्या संध्याकाळबद्दल, मग सोमवारबद्दल. मग "बरं" म्हणाली. सोमवारी दुसरी मुलगी रुजू होणार होती, तिच्याकडे कागद तयार होते.

ती परत आली तेव्हा दोघं गाडीशेजारी बरोबर उभे होते, जवळजवळ भावांसारखे. वडील म्हणाले, बेटा, दुसरी नोकरी मिळेल. काका म्हणाले, अगं गाडी कुठे जात नाही. ताईने दोघांच्या मधून पलीकडची भिंत पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "या दोघांना सांग, मी बसने जातेय."

दोघं तिथेच उभे होते, हातभर अंतरावर. मी सांगितलं.

जाण्याआधी तिने मला तक्रार अर्जाचा कागद आणायला लावला आणि मजकूर सांगितला. शेवटचं वाक्य माझं, ती गेल्यावर घातलेलं. तक्रारपेटीला कुलूप होतं, गंजून एकजीव झालेलं, फटही बुजलेली. काका म्हणाले, हे उघडायला मला दोन मिनिटं लागतील. अर्ज मी पेटीच्या वर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर तेलाची कुपी ठेवली. तो असा:

"प्रति, केंद्रप्रमुख. विषय: दुपारची चार मिनिटं. महोदय, सतरा तारखेस आमच्या वाहनाचं बॉनेट एक वाजून चार मिनिटांनी उघडलं असून ते अद्याप उघडंच आहे, येऊन पाहावं. तरी सदर दिवसातून दुपारी एक ते एक वाजून चार मिनिटं हा कालावधी वगळण्यात यावा, बॉनेट एकच्या ठोक्याला उघडलं असं समजण्यात यावं, आणि अर्जदार हिला सोमवारी कामावर पोचता येईल अशा बेताने त्याचा दाखला आजच्या तारखेत देण्यात यावा. वगळलेल्या चार मिनिटांत दोन्ही मालकांमध्ये जे थेट बोलणं झालं ते मात्र वगळू नये, आणि ते अर्जदाराच्या भावामार्फत झालेलं नाही अशी वहीत स्वतंत्र नोंद घेण्यात यावी, ही विनंती."