मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा

मांडवगण फराट्याचे आनंदराव आप्पा तिसऱ्यांदा शिरूरला माझ्या स्टुडिओत आले, तेव्हा मला आतल्या खोलीत लपावंसं वाटलं. त्यांची बायको कस्तुराबाई उन्हाळ्यात गेली. तिचा एकटीचा असा फोटोच नाही. आमच्याकडं माणूस गेलं की लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात, त्यातल्या तोंडावर बोट ठेवतात आणि म्हणतात, एवढं मोठं करून फ्रेम करा. हा ग्रुप मीच काढलेला, आप्पांच्या मुलाच्या, पृथ्वीराजच्या लग्नात. मोठं केलं की तोंडाच्या जागी नुसता दाणेदार काळपट डाग यायचा.

“ही कस्तुरा न्हाई,” आप्पा या वेळीही म्हणाले आणि फोटो काउंटरवर ठेवून गेले.

पोस्टाच्या तिकिटाएवढी निगेटिव्ह, त्यात पन्नास माणसं कोंबायची, वर नाक-डोळे मागायचे! मी वैतागून गेलो होतो. पुण्यात एक म्हातारा फोटोग्राफर धंदा गुंडाळत होता. त्याचा मोठ्या फिल्मचा मामिया कॅमेरा विकायला होता. त्याची निगेटिव्ह तळहातावर ठेवून बघितली, तर मागच्या रांगेतल्या माणसाच्या मिशासुद्धा दिसत होत्या. दोन दिवस वापरून बघा, मग ठरवा, तो म्हणाला.

“अहो, दौंडपर्यंत सगळे डिजिटल घ्यायला लागलेत,” माझी बायको धनश्री म्हणाली, “आणि तुम्ही हे धूड घ्यायला निघालात? याच्या फिल्मला दर वेळी पुण्याला पळणार?”

तिचं खरं होतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. मी जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या नातवाचं बारसं होतं. मी धूड घेऊन मांडवगणला गेलो. पुढच्या खुर्चीवर आप्पांचे थोरले भाऊ दादा बसले. मागं सगळी मंडळी, मधे बाळाला घेऊन आप्पांची सून सायली. या कॅमेऱ्यात मान खाली घालून वरून काचेत बघावं लागतं. लोकांना वाटलं, कॅमेरा बिघडला. ते आपले गप्पा मारत बसले. रोलमध्ये दहाच फोटो, त्यातले चार असे वाया गेले. माझं डोकं फिरलं.

कसेबसे सगळे गप्प झाले, आणि आप्पा म्हणाले, “सायली, पदर म्होरं घे. दादा बसल्यात.”

सुनेनं पदर पार नाकापर्यंत ओढला आणि मान खाली घातली. काचेत तिच्या तोंडाच्या जागी काळपट सावली उरली. तसाच डाग मी महिनाभर मोठा करत बसलो होतो.

मी कॅमेरा सोडून आप्पांजवळ गेलो. “आप्पा, त्या लग्नात काकूंनाही असंच सांगितलं होतं का?”

“व्हय. तवाबी दादा म्होरंच व्हतं.” त्यांनी कॅमेऱ्याकडं बोट केलं. “सोपान, ह्या मोठ्या कॅमेऱ्यात पदराच्या आतलं येतंय का रं?”

“नाही येत, आप्पा. सूनबाईंना तरी पदर मागं घ्यायला सांगा.”

आप्पांनी दादांकडं बघितलं. आप्पांचे डोळे भरले होते. “दादा बसल्यात तवर कसं सांगू?” ते म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

कॅमेरा मी पुण्याला परत करून आलो. धनश्रीला वाटलं, मला तिचं पटलं. फोटो मात्र फार सुरेख आला होता. सायलीच्या पदराच्या काठाचा टाका न् टाका मोजून घ्यावा, इतका स्वच्छ.