मांस का फळ

महिपतीनं रखमाजीच्या तेराव्याची पंगत मोडली, ते झुंबरबाईच्या काळजात वर्षभर सलत होतं.

तिचा नवरा रखमाजी लोणावळ्याला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी. तिथून त्यानं टंबाट्याचं बी आणून परंदवडीत परसात लावलं. पुढं तो तापानं गेला, तेव्हा त्याचा चुलतभाऊ महिपती पारावर बसून म्हणाला, "ते लाल फळ म्हंजी मांसच. त्यानंच मेला. त्या घरचं पानीबी पिऊ नगा." गावानं ऐकलं. तेराव्याला एक माणूस फिरकलं नाही. शिजवलेलं सगळं अन्न झुंबरबाईनं आपल्या हातानं गुरांपुढं ओतलं.

तिनं टंबाटी उपटली नाहीत. दुप्पट लावली.

यंदा चैत्रात ती पिकली आणि भर दुपारी, गाव आडवं झालं की, नाहीशी व्हायला लागली. वाफ्यातल्या ओल्या मातीत वहाणेचा ठसा, टाचेला नाल ठोकलेला. तसली वहाण गावात एकट्या महिपतीची. बांधावर चोखून टाकलेली सालं आणि सांडलेलं मीठ. मेला घरनं मीठ घेऊन यायचा.

रांडमुंड बाईनं बोंब मारून ऐकतंय कोण? जत्रेच्या दिवशी सकाळीच ती ओढ्याकाठच्या रानात शेवग्याच्या शेंगा काढायला गेली. करवंदीच्या जाळीवर खाजकुइलीच्या शेंगाही वाळून लोंबत होत्या, अंगावर तपकिरी लव. शेवगा तिनं पदरात बांधला. खाजकुइली बरोबर आणलेल्या सांडशीनं तोडली, पळसाच्या पानात गुंडाळली. घरी येऊन आमटीपुरती टंबाटी आधी काढून घेतली. मग वाऱ्याकडं पाठ केली आणि उरलेल्या लालभडक फळांवर ती लव झटकली.

तिसऱ्या प्रहरी पालखी निघायची, पुढचा दांडा महिपतीचा. तो देवळापाशी आला तो दोन्ही हातांनी स्वतःला ओरबाडत. ओठ टम्म सुजलेले.

"गांधीलमाशी चावली," तो म्हणाला.

गेणू गुरवानं त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. "माशी कसली? खाजकुइली हाय. शेण आना रं."

ताजं शेण हातांना, तोंडाला थापलं आणि धुऊन काढलं.

"पर व्हटाला कशी लागली?" गेणूनं विचारलं.

"रानात गेलतो."

"रानात न्हाई, माज्या परसात," झुंबरबाई पुढं आली. "मीच टाकली व्हती टंबाट्यांवर. आता गावापुढं येवढंच सांगा भावजी. खाल्लं ते मांस का फळ?"

मांस म्हणावं, तर जत्रेदिवशी मांस खाऊन देवाच्या दांड्याला हात लावणार कसा? महिपतीनं पालखीकडं पाहिलं.

"फळ," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"फळ, वैनी."

"मंग माजा धनी कशानं मेला?"

"तापानं."

"मंग तेरावं ऱ्हायलंय तुमचं. बसा."

तिनं घरनं रांधून आणलेली पाटी उतरवली आणि देवळापुढच्या पारावरच पत्रावळ मांडली. भात, त्यावर शेवगा-टंबाट्याची आमटी, मिरची सढळ हातानं. पहिल्याच घासाला सुजल्या ओठांना तिखट झोंबलं आणि महिपतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. गेणू गुरव पत्रावळ मागून शेजारी बसला. त्याच्या पलीकडं आणखी दोघे बसले.

"पानी द्या, वैनी."

"जेवल्यावर."

पत्रावळ चाटूनपुसून झाली तसा तो उठू लागला. झुंबरबाईनं आमटीची पळी पुन्हा भरून ओतली. तेराव्याला आग्रह करून वाढायची रीत आहे.