विसरली, दोन वेळा

*विसरली – २ वेळा. तळवा चोळला. आठवलं.*

पाळण्याला टांगलेल्या तक्त्यावर एवढंच लिहिलेलं. सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला, आणि मग जे व्हायचं ते झालंच.

"दोन वेळा विसरलात? आणि वर बिनदिक्कत लिहूनही ठेवता?"

सिस्टर हातमोजे काढत होत्या. वीस वर्षं वेळेआधी आलेली बाळं सांभाळलेली बाई. आवाज चढवायची सवयच उरली नव्हती. "मी नाही हो आजी. तुमची नात विसरली."

"ती काय विसरणार? दोन किलोचीसुद्धा नाही!"

"श्वास घ्यायला. घाईने आलेली बाळं विसरतात मध्येच. तळवा चोळला की आठवतं त्यांना."

सासूबाईंनी जरा विचार केला. "बापावर गेली. तो स्वतःच्या लग्नात एकाच पायात मोजा घालून उभा होता."

सूनबाई हसली. हसता हसता रडली. टाके दुखले म्हणून थांबली.

हे सहा दिवसांपूर्वीचं. तेव्हापासून एकच हिशोब चालू होता, आणि तो सगळ्या घराला पाठ होता: सलग सात दिवस न विसरता गेले की घरी. विसरली, पण तिचं तिला आठवलं, तर माफ. कुणी आठवण करून द्यावी लागली, तर मोजणी पुन्हा एकपासून.

आज सातवा. दुपार.

(सहा दिवसांत काय काय झालं ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. नवऱ्याने घरच्या खोलीच्या खिडकीची कडी बसवली. सासूबाईंनी शेजारपाजारी "उद्या येतेय" असं जाहीर करून टाकलं. सिस्टरने बाळाचा श्वास मोजणाऱ्या मशीनचा पडदा भिंतीकडे फिरवला. "सारखं आकड्यांकडे काय बघतेस? मशीन काय, ओरडायचं काम करतं. बघायचं काम तुझं. बाळाच्या ओठांकडे बघ." एवढं पुरे.)

तर आई खुर्चीत, बाळ तिच्या उघड्या छातीवर, वरून चादर. सिस्टर पलीकडे, दुसऱ्या बाळाच्या काचपेटीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून.

मशीन ओरडलं.

एक. आठवेल तिला. मागे आठवलं होतं.

दोन. सिस्टरचे हात अडकलेत.

तीन. ओठ. गुलाबीच आहेत ना? आहेत.

चार. उद्या घरी जायचंय गं, चिमुकले. एकच दिवस. एवढं करच.

पा—

ओठांची कड निळसर झाली.

पाच राहिलंच. तिचा हात चादरीखाली कधी गेला ते तिलाही कळलं नाही. तिने उजवा तळवा अंगठ्याने चोळला. काही नाही. पुन्हा, जरा जोरात. चिमुकलीने तोंड वाकडं केलं, रागावल्यासारखी कण्हली, आणि तिची छाती वर आली. मशीन गप्प झालं.

कुणी बघितलं नव्हतं. मशीन विसरलेलं टिपतं. हात कुणाचा लागला ते त्याला कळत नाही.

"आली का गं, आपली आपण?" सिस्टरने न वळता विचारलं.

उत्तर एका अक्षराचं होतं. ते दिलं की उद्या स्वतःच्या खिडकीशी, स्वतःच्या पलंगावर. जिभेवर आलंही होतं.

"नाही. मी चोळला," ती म्हणाली. "उजवा तळवा. दोनदा. ओठ निळे पडत होते."

सिस्टर पेटी बंद करून आल्या. आधी बाळाकडे बघितलं, मग मशीनकडे, मग तिच्याकडे.

"हात थरथरला?"

"आत्ता थरथरतोय."

"आत्ता थरथरू दे खुशाल." त्यांनी तक्ता काढून तिच्या मांडीवर ठेवला, पेन दिलं. 'आठवण कोणी करून दिली' या रकान्यात आजवर सिस्टरचीच सही होती. तिने तिथे लिहिलं: आई. ई जरा वाकडी गेली.

"पुन्हा सात," ती म्हणाली.

"पुन्हा सात. तिचे. तू पास."

तेवढ्यात सासूबाई दारात. "मग? उद्या किती वाजता?"

"उद्या नाही, आई. पुढच्या आठवड्यात. मोजणी मोडली, आणि मीच मोडली."

"म्हणजे? कुणी सांगितलं होतं तुला मध्ये—" त्या सिस्टरकडे वळल्या. वळल्या त्या वळल्या, पण सूनबाईचा आवाज मागून आला. असा आवाज त्यांनी तिच्याकडून आजवर ऐकला नव्हता.

"आई, घरी मी कधीतरी झोपेन की नाही? तेव्हा कोण बघणार, तुमचा लेक? घड्याळ काढा, कोपरापर्यंत हात धुवा आणि इथे बसा. तळवा कसा चोळायचा ते दाखवते."

 सासूबाईंनी घड्याळाचा पट्टा सोडला आणि नळ उघडला.

"साबण कोणता घेऊ?" त्यांनी विचारलं.